बंद गिरणीची जमीन तपासायला सरकारी पैसा कसा मिळवायचा: इंदूरसाठी मार्गदर्शक

बंद गिरणीच्या किंवा कारखान्याच्या जागेवर घरं, बाजार नाहीतर बाग करायचं ठरलं की पहिला खर्च पाडकामाचा धरला जातो. हा क्रम उलटा आहे. मातीत आणि भूजलात काय उरलं आहे ते पाहण्याचा खर्च पाडकामाच्या आधी यायला हवा. गाडी अडते ती तिथेच, कारण हा पैसा कोणी द्यायचा ते ठरलेलं नसतं.

अमेरिकेत २००२ च्या ब्राउनफिल्ड (प्रदूषणाची शंका असलेल्या जुन्या औद्योगिक जागा) कायद्याखाली शहरं केंद्रीय पर्यावरण संस्थेकडून निव्वळ तपासणीसाठी अनुदान मागू शकतात. आपल्याकडे अशी एक खिडकी नाही. तीन-चार ठिकाणचा पैसा टप्प्याटप्प्याने जुळवावा लागतो, आणि कुठला पैसा मिळेल हे तुम्ही कामं कोणत्या क्रमाने केलीत यावर ठरतं. आधी जेसीबी लावला आणि मग नमुने घेतले, तर प्रदूषण कोणी केलं हे दाखवणारा पुरावा मलब्याबरोबर गेला. त्यानंतर सगळा भार ज्याने जमीन घेतली त्याच्यावर येतो.

हा लेख नगर निगमातल्या नव्या अभियंत्यासाठी आहे, रहिवासी संघाच्या सचिवासाठी आहे, आणि अशी जमीन घेण्याच्या विचारात असलेल्या गृहनिर्माण संस्थेसाठीही. उदाहरणं कापड गिरण्यांची घेतली आहेत, कारण इंदूरमध्ये मोठ्या मोकळ्या जागा त्यांच्याच आहेत. एकट्या हुकुमचंद मिलची जमीन सुमारे ४२.५ एकर आहे. एखाद्या विशिष्ट गिरणीची जमीन दूषित आहे असं इथे म्हणायचं नाही. ते तपासल्याशिवाय कोणीच म्हणू नये.

१. जागा नियमात बसते का

केंद्राने जुलै २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण (दूषित स्थळ व्यवस्थापन) नियम अधिसूचित केले. सरकारी पैशाची वाट आता या नियमांतून जाते. किरणोत्सर्गी कचरा, खाणकाम, समुद्रातली तेलगळती आणि घनकचऱ्याचे डेपो यांना हे नियम लागू नाहीत, कारण त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत. म्हणजे देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडसारखी जागा घेऊन या नियमांखाली गेलात तर अर्ज परत येईल. अपवाद एकच: कचऱ्यात कारखान्याचं रसायन मिसळलेलं असेल आणि त्याचं प्रमाण रिस्पॉन्स लेव्हलच्या (ही पातळी पुढे सांगितली आहे) वर असेल, तर तीच जागा पुन्हा नियमांच्या कक्षेत येते.

नियमांत दोन पातळ्या आहेत. स्क्रीनिंग लेव्हल ओलांडली की सविस्तर तपासणी करावी लागते. रिस्पॉन्स लेव्हल ओलांडली की जागा दूषित ठरते आणि शुद्धीकरणाचा प्रश्न येतो. त्यानुसार जागेचा दर्जा बदलत जातो: आधी संशयित, मग संभाव्य, शेवटी दूषित.

संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवतं. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि गरज असेल तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. जबाबदार व्यक्ती (ज्याच्यामुळे प्रदूषण झालं तो) शोधायलाही ९० दिवसांची मुदत आहे. या यादीत नाव लागलं की तपासणी ही मंडळाची जबाबदारी होते, तुमची राहत नाही. सल्लागाराच्या कोटेशनसाठी धावाधाव करणारे लोक नेमकी हीच पायरी विसरतात.

२. जवळजवळ फुकट होणारं काम

कोणाकडेही पैसा मागण्याआधी कागदांचा अभ्यास पूर्ण करा. माहिती अधिकाराचं शुल्क, झेरॉक्स आणि दोन-तीन महिने, एवढाच खर्च. कागद कुठे मिळतात ते असं:

- नजूल (सरकारी जमीन) आणि खसऱ्याची (जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक) नोंद तहसील कार्यालयात. मालकी कोणाची, भाडेपट्टा किती वर्षांचा, वाद कुठल्या न्यायालयात, हे आधी कळायला हवं.
- कारखाना निरीक्षकाकडचा मंजूर नकाशा. कारखाना कायदा १९४८ चा आहे, त्यामुळे त्याआधीच्या इमारती यात फक्त ‘विद्यमान’ म्हणून दिसतात.
- प्रदूषण मंडळाच्या विभागीय कार्यालयातली संमतीची (कारखाना चालवण्याच्या परवानगीची) फाइल. जल कायदा १९७४ चा, वायू कायदा १९८१ चा. त्याआधीच्या काळाबद्दल मंडळाकडे काही सापडणार नाही. तिथे वेळ घालवू नका.
- पेट्रोलियम साठ्याचा परवाना. स्फोटके विभागाचं मुख्यालय नागपूरला आहे. परवान्याच्या नकाशावर भूमिगत टाक्यांची जागा आणि क्षमता लिहिलेली असते. जमिनीवर टाकीचं झाकणही दिसत नसलं, तरी ती खाली असू शकते.
- बॉयलरची नोंद, आणि वीज कंपनीकडचा सबस्टेशनचा नकाशा.
- गिरणी अवसायनात (कंपनी बंद करून मालमत्तेतून देणी फेडण्याच्या प्रक्रियेत) असेल तर ती प्रक्रिया चालवणाऱ्या लिक्विडेटरकडची मालमत्तेची यादी. तिच्यात यंत्रं आणि टाक्या खातेनिहाय मोजलेल्या असतात.

हे कागद वाचताना गिरणीचं प्रत्येक खातं वेगळं धरा. रंगखात्यात डायक्रोमेट, तांबं, गंधकाचे आणि नॅफ्थॉलचे रंग वापरले जात, त्यामुळे क्रोमियम आणि ॲरोमॅटिक अमाइन्स (रंगांतून निघणारी विषारी संयुगं) शोधायच्या त्या इथे. सायझिंगमध्ये (विणण्याआधी सुताला कांजी लावतात तिथे) कांजीला बुरशी लागू नये म्हणून पेंटाक्लोरोफेनॉल घालण्याची पद्धत होती. ते मातीत वर्षानुवर्षं राहतं, पण निविदेच्या यादीत क्वचितच असतं. ब्लीचिंगचा कॉस्टिक सोडा स्वतः फारसा टिकत नाही, मात्र मातीचा पीएच वाढवून काही धातू सैल करतो. बॉयलर हाऊसपाशी कोळशाची राख, फर्नेस ऑइल आणि पाइपांवरचं ॲस्बेस्टॉसचं वेष्टण सापडतं, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चबुतऱ्याखाली पीसीबी या टिकाऊ विषारी रसायनाचं तेल. वर्कशॉपमध्ये वंगण आणि डाग काढायची क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटं. विणकामाचे शेड आणि कापडाची गोदामं बहुतेक वेळा निर्धोक असतात. तिथे कमी नमुने पुरतात.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे विटांची भूमिगत गटारं. रंगखात्याचं पाणी ज्या गटारातून कान्ह नदीकडे जात असे ते गटार जिथे तडकलं, तिथे प्रदूषण. शेडच्या मधोमध घेतलेले नमुने स्वच्छ येतात आणि गटाराच्या कडेला दोन मीटरवर सगळं बदलतं. गटाराचा मार्ग कागदावर मिळाला नाही तर जुन्या कामगारांना विचारा. कुठे पाणी तुंबायचं हे त्यांच्या पक्कं लक्षात असतं. विचारताना त्यांना नकाशावर बोट ठेवायला लावा, नुसती उत्तरं लिहून घेऊ नका.

गिरणी बंद पडल्यानंतरची वर्षंही तपासा. मोकळ्या आवारात भंगारवाल्यांनी केबल जाळली असेल, ट्रक धुतले गेले असतील, शहरातला मलबा टाकला असेल. प्रदूषण कोणाच्या काळातलं, हा प्रश्न पुढे पैशाचा होतो.

शेवटी हे सगळं एकाच नकाशावर काढा: स्रोत कुठे, तिथून ते कशातून पसरेल (माती, धूळ, पाणी), आणि पोचेल कोणापर्यंत. शेजारच्या वस्तीतल्या बोअरवेल आणि मुलांच्या खेळायच्या जागा त्यावर हव्यातच.

३. यादीत नाव लावणं

पत्र कलेक्टर आणि निगमायुक्त दोघांनाही द्या आणि प्रत मंडळाच्या विभागीय कार्यालयाला. दोघांना अशासाठी, की नियमात स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासन दोन्ही आहेत आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

पत्र दोन पानांच्या पुढे जाऊ देऊ नका. त्यात खसरा क्रमांक, क्षेत्रफळ, आजची मालकी आणि ताबा, कोणता उद्योग कोणत्या वर्षांत चालला, कोणती रसायनं वापरली गेली याचा कागदोपत्री आधार, शेजारी कोण राहतं आणि कोणतं पाणी वापरतं, आणि जमिनीवर कोणतं बांधकाम प्रस्तावित आहे, एवढं हवं. मागचा नकाशा जोडा. ‘जमीन विषारी आहे’ असं लिहू नका. ‘संशयित’ हा नियमातला शब्द आहे, तोच वापरा. नाहीतर पहिलं उत्तर जमीनमालकाच्या वकिलाकडून येईल.

पुढच्या सहामाही यादीपर्यंत वाट पाहावी लागू नये म्हणून यादी मंडळाकडे जाण्याच्या आधी निदान महिनाभर पत्र पोचेल असं बघा. नगरसेवकाचं पत्र जोडल्याने काही बिघडत नाही, पण कागदांची जागा ते घेत नाही.

४. कुठला पैसा कशासाठी

प्राथमिक आणि सविस्तर तपासणीसाठी पहिला हक्काचा दरवाजा राज्य मंडळाचा. मंडळाकडे पर्यावरण भरपाईची रक्कम जमा होते. नियम मोडणाऱ्या उद्योगांकडून ती वसूल केली जाते, आणि पर्यावरणाच्या हानीची तपासणी, प्रकल्प अहवाल तयार करणं, दूषित जागांचं शुद्धीकरण या कामांवर ती खर्च करता येते. तुम्ही थेट अर्ज करून हा पैसा मिळत नाही, तो मंडळाच्या प्रस्तावातून येतो. म्हणून विभागीय अधिकाऱ्याला तयार मसुदा द्या: जागेचा नकाशा, नमुन्यांची संख्या, बाबनिहाय अंदाज. नुसतं ‘निधी द्यावा’ असं लिहिलेलं पत्र फाइलला लागतं आणि तिथेच राहतं.

जबाबदार सापडला आणि त्याची ऐपत असली, तर खर्च त्याचा. सापडला नाही किंवा देऊ शकत नसेल, तर शुद्धीकरणाचा खर्च केंद्र आणि राज्याने उचलायचा, अशी नियमांची मांडणी आहे. म्हणून ‘जबाबदार कोण’ या प्रश्नाचं उत्तर कागदावर स्पष्ट येणं तुमच्याच फायद्याचं आहे, मग ते ‘कोणी उरलेलं नाही’ असं आलं तरी. हे उत्तर अर्धवट राहिलेली फाइल कोणत्याच निधीत बसत नाही.

गिरणी अवसायनात असेल तर लिक्विडेटरला विसरू नका. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये अवसायनाचा खर्च सर्वांत आधी फेडला जातो, बँका आणि कामगारांच्याही आधी. जमिनीची किंमत ठरवायला तपासणी गरजेची आहे हे पटलं, तर ती या खर्चात बसवण्याची मागणी करता येते. जुन्या कंपनी कायद्याखालच्या प्रकरणांत हीच मागणी उच्च न्यायालयाकडे करावी लागते. कामगार संघटना आधी विरोध करतील, कारण प्रत्येक रुपया त्यांच्या थकबाकीतून जातोय असं त्यांना वाटतं. हुकुमचंदच्या कामगारांना सुमारे २२४ कोटींची थकबाकी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडलं, तेव्हा ही भीती समजण्यासारखी आहे. त्यांच्याशी आधी बोला, अर्ज नंतर. ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर लिलाव झाला की तपासणीचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. जमीन घेणारी गृहनिर्माण संस्था असेल तर ही एक ओळ करारात शोधाच.

जमीन निगमाची किंवा गृहनिर्माण मंडळाची झाली असेल तर सोपा मार्ग म्हणजे प्रकल्प तयारीचा खर्च. सविस्तर प्रकल्प अहवालाच्या निविदेतच माती-पाण्याची तपासणी स्वतंत्र बाब म्हणून घालायची. २०,००० चौरस मीटरपेक्षा जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागतेच, त्यामुळे वित्त विभागालाही हे पटवता येतं. केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १ लाख कोटींचा अर्बन चॅलेंज फंड जाहीर केला. त्यात प्रकल्प खर्चाचा २५ टक्क्यांपर्यंत वाटा केंद्राचा, आणि निदान ५० टक्के रोखे, बँक कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभे करायचे. शहराच्या जुन्या भागांचा पुनर्विकास हा त्याचा एक विषय आहे. पण कर्ज देणारी बँक जमिनीखाली काय आहे हे विचारणारच, त्यामुळे तपासणी या फंडाच्या आधी झालेली हवी. फंड मिळाल्यावर तपासू, हा हिशेब चालत नाही.

आता जिथे वेळ वाया जातो ते दरवाजे. खासदार निधी टिकाऊ मालमत्ता उभारण्यासाठी आहे, सर्वेक्षणासाठी नाही. स्वच्छ भारत मिशनचा पैसा जुन्या कचऱ्याच्या ढिगांसाठी मिळतो, कारखान्याच्या मातीसाठी नाही. निगमाने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले ते जलूदच्या सौर प्रकल्पासाठी. रोख्यांना परतफेडीचं उत्पन्न लागतं आणि मातीच्या अहवालातून उत्पन्न येत नाही. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (सामाजिक जबाबदारीचा निधी) मातीची गुणवत्ता राखणं बसतं, पण ज्या कंपनीची जमीन तिचाच पैसा घेतलात तर पुढचा अहवाल कोणी मानणार नाही.

आणखी एक गोष्ट. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा पिथमपूरला आणून जाळण्यासाठी केंद्राने १२६ कोटी दिले आणि जून २०२५ अखेर तो जळून झाला. त्याच आवारात सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज नीरी आणि एनजीआरआय या केंद्रीय संशोधन संस्थांनी २०१० मध्येच दिला होता. ती माती अजून तिथेच आहे. तेव्हा तपासणीचा प्रस्ताव देतानाच पुढच्या टप्प्याचा मालक आणि लेखाशीर्ष (खर्च सरकारी हिशेबात ज्या सदराखाली पडेल ते) कागदावर लिहून घ्या. अहवाल हातात आहे आणि पुढे कोणीच नाही, ही सगळ्यात वाईट स्थिती, कारण त्यानंतर ‘माहीत नव्हतं’ असंही म्हणता येत नाही.

५. किती नमुने, कुठे, किती खोल

अंदाजपत्रक यावरच उभं राहतं, म्हणून हा हिशेब स्वतः करता यायला हवा. नमुन्याचे बिंदू सारख्या अंतरावर चौकोनी जाळीत घेतले, तर सापडू शकणाऱ्या सर्वांत लहान गोल दूषित डागाची त्रिज्या जाळीच्या अंतराला ०.५९ ने गुणून येते (९५ टक्के खात्रीने). २५ मीटरच्या जाळीत साधारण १५ मीटर त्रिज्येचा डाग सापडतो, त्याहून लहान निसटू शकतो. ५ हेक्टरवर २५ मीटरची जाळी म्हणजे ८० बिंदू. सगळीकडे सारखी जाळी टाकणं म्हणजे गोदामांवर पैसा उधळणं. कागदी अभ्यास नीट झाला असेल तर असं करा: रंगखातं, टाक्या, बॉयलर आणि गटारं मिळून १ हेक्टर धरा, तिथे १५ मीटरची जाळी, म्हणजे ४४ बिंदू. उरलेल्या ४ हेक्टरवर ५० मीटरची, म्हणजे १६. एकूण ६० बिंदू, आणि जिथे धोका आहे तिथे ९ मीटर त्रिज्येचा डागही सहसा सुटत नाही.

धोक्याच्या भागात प्रत्येक बिंदूवर तीन खोलींवर नमुने घ्या: वरचे १५ सेंटीमीटर (मुलांचे हात आणि धूळ यांच्यासाठी), अर्धा ते एक मीटर, आणि काळी माती संपून मुरूम लागतो ती सीमा. तिसरी खोली गाळू नका. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्याच्या सुरुवातीचं पाणी भेगांतून थेट खाली जातं, आणि त्याबरोबर आलेलं बरंच काही या सीमेवर अडकतं. बाकी भागात दोन खोलींवरचे नमुने पुरतात. एकूण १३२ आणि ३२ मिळून १६४ नमुने. भराव टाकलेला असेल तर भराव आणि मूळ माती कधीही एका डब्यात घालू नका. चार बिंदूंची माती मिसळून एक नमुना करायची युक्ती ठेकेदार सुचवेल; त्यात डाग पातळ होऊन नाहीसा होतो.

सगळे १६४ प्रयोगशाळेत पाठवायची गरज नाही. हातातल्या एक्सआरएफ यंत्राने धातू आणि पीआयडीने बाष्पशील सॉल्व्हंटं जागेवर चाळून घ्या, आणि साधारण एक चतुर्थांश प्रयोगशाळेला द्या. त्यात काही स्वच्छ वाटणारेही मुद्दाम घाला. एक्सआरएफ एकूण क्रोमियम दाखवतं, हेक्साव्हॅलंट क्रोमियम (त्याचं जास्त विषारी रूप) वेगळं दाखवत नाही. रंगखात्यात तेच महत्त्वाचं आहे, म्हणून तिथले नमुने प्रयोगशाळेत जाणारच.

भूजलाला निदान ६ निरीक्षण विहिरी: एक वरच्या बाजूला, बाकी स्रोतांच्या खाली आणि हद्दीवर. पाण्याच्या वाहण्याची दिशा काढायलाच तीन लागतात. ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, जाळीच्या भागाभोवती वाळू, वर बेंटोनाइटचा (पाण्यात फुगून भेगा बुजवणारी माती) थर. बेसॉल्टमध्ये डीटीएच (हवेच्या दाबावर खडक फोडत खाली जाणारं) यंत्र लागतं, पण कॉम्प्रेसरची हवा सॉल्व्हंटं उडवून लावते, म्हणून वरच्या मातीचे नमुने ऑगरने (मातीत फिरवत घालायच्या गिरमिटाने) आधीच काढून घ्या. वरचा थर दूषित असेल तर तिथे आधी बाहेरचा केसिंग (संरक्षक पाइप) बसवून सील करा, मग खाली जा. नाहीतर बोअरच प्रदूषणाला खडकातल्या भेगांपर्यंत पोचवेल आणि ते तुमच्या तपासणीने केलेलं असेल.

पाणी दोनदा: मे महिन्यात आणि पावसानंतर नोव्हेंबरमध्ये. एकाच फेरीच्या आकड्यावर कोणताही निर्णय घेऊ नका. प्रत्येक फेरीत ६ नमुने, एक डुप्लिकेट (त्याच विहिरीचा दुसरा नमुना), एक ब्लँक (पडताळणीसाठी शुद्ध पाण्याची बाटली), म्हणजे दोन फेऱ्यांत १६.

६. नमुना न्यायालयात टिकला पाहिजे

खासगी सल्लागाराने एकट्याने घेतलेला नमुना नियोजनाला उपयोगी पडतो, वसुलीला नाही. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ च्या कलम ११ प्रमाणे नमुना घेण्याचा इरादा सांगणारी नोटीस ताबेदाराला जागेवर द्यावी लागते. त्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समोर नमुना घ्यायचा, डब्यावर खूण करून सील करायचं, दोघांनी सही करायची, आणि कलम १२ खाली मान्यता मिळालेल्या प्रयोगशाळेत लगेच पाठवायचा. ही पद्धत पाळली नाही तर त्या विश्लेषणाचा निकाल कायदेशीर कारवाईत पुरावा म्हणून चालत नाही. हा अधिकार केंद्राने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांना आहे, म्हणून मंडळाचा अधिकारी हजर हवा. ताबेदार मुद्दाम गैरहजर राहिला किंवा सही नाकारली, तर नमुना घेणाऱ्याने सही करून तसं लेखी नोंदवायचं. अवसायनातल्या गिरणीत ताबेदार म्हणजे लिक्विडेटर, जुना मालक नव्हे. नोटीस चुकीच्या नावाने गेली तर सगळा दिवस वाया.

सगळे नमुने असे घेणं जमत नाही. सर्वांत दूषित दिसणारे दहा-पंधरा बिंदू निवडा आणि ते मंडळाबरोबर कलम ११ प्रमाणे पुन्हा घ्या. या दिवसाचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा.

७. निविदेत काय लिहायचं

संख्या, खोली, घटक आणि पद्धत लिहा. ‘आवश्यक तेवढे नमुने’ असं लिहिलं की सर्वांत कमी दर देणारा पाच नमुन्यांत काम उरकतो. दर एकमुस्त नको, बाबनिहाय घ्या: प्रति मीटर ड्रिलिंग, प्रति विहीर, प्रति नमुना धातू, प्रति नमुना सेंद्रिय. मग जादा काम निघालं तरी मंजूर दराने होतं. जादा कामासाठी १५ ते २० टक्के राखीव ठेवा, कारण भूमिगत टाकी निघणारच.

प्रयोगशाळेकडे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) प्रमाणपत्र आहे एवढ्यावर थांबू नका. त्याच्या परिशिष्टात ‘माती’ आणि तुमचा घटक, दोन्ही लिहिलेले आहेत का बघा. पाण्यासाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा मातीचा अहवालही त्याच लेटरहेडवर देते. शोधमर्यादा (प्रयोगशाळा मोजू शकते ते सर्वांत कमी प्रमाण) स्क्रीनिंग लेव्हलच्या खाली हवी. समजा, पातळी ०.४ आणि प्रयोगशाळा ५ च्या खाली मोजूच शकत नसेल, तर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला काही अर्थ नाही.

डब्यांची अटही लिहा: तेल आणि सेंद्रिय घटकांना टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाची गडद काचेची बरणी, पाण्यातल्या धातूंना प्लॅस्टिकची बाटली आणि पीएच २ च्या खाली जाईल एवढं नायट्रिक आम्ल. सगळं ४ अंशांच्या आसपास बर्फात. पाण्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम २४ तासांत तपासलं जायला हवं. त्यासाठी आम्ल नसलेली वेगळी बाटली लागते. शनिवारी दुपारी घेतलेला असा नमुना सोमवारी प्रयोगशाळेत पोचतो आणि बाद होतो.

निवड गुणवत्ता आणि दर दोन्ही धरून करा. आणि जो तपासणी करेल त्यालाच शुद्धीकरणाचं काम देणार नाही असं निविदेतच लिहा. आकडे फुगण्याचं एक कारण तिथेच संपतं.

८. आकडे वाचताना

अहवाल आला की सल्लागार बहुतेक वेळा शेजारी परदेशी पातळ्या लावतो. कॅनडाची निवासी जमिनीची मार्गदर्शक पातळी तांब्याला ६३, एकूण क्रोमियमला ६४ आणि व्हॅनेडियमला १३० मिलिग्रॅम प्रति किलो आहे. माळव्याची माती बेसॉल्टपासून झालेली आहे आणि बेसॉल्टमध्ये हे तिन्ही धातू निसर्गतःच जास्त असतात. कोणीही काही न टाकलेलं शेतही या पातळ्या ओलांडू शकतं. म्हणून गिरणीबाहेरच्या, न हललेल्या काळ्या मातीतून ८ ते १० पार्श्वभूमी नमुने घेतलेले असावेत. ते नसतील तर अहवाल स्वीकारू नका. निर्णय मात्र नियमांतल्या पातळ्यांवर घ्यायचा.

उलट शिसं, हेक्साव्हॅलंट क्रोमियम, पीसीबी, पेंटाक्लोरोफेनॉल सापडलं तर बेसॉल्टचं कारण चालणार नाही. भूजलासाठी पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५००:२०१२ बाजूला ठेवा: शिसं ०.०१, एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम प्रति लिटर. शेजारच्या वस्तीतल्या बोअरमध्ये हे ओलांडलं असेल तर पूर्ण अहवालाची वाट न पाहता निगमाला त्याच दिवशी लेखी कळवा आणि टँकर मागा.

९. बिलं आणि मुदती

तपासणीचा प्रत्येक खर्च वेगळ्या खात्यात ठेवा: ड्रिलिंग, प्रयोगशाळा, वाहतूक, सुरक्षा साधनं. उद्या जबाबदार निश्चित झाला तर वसुलीची मागणी याच बिलांवर करायची आहे. रस्ता-गटारांच्या बिलात मिसळलेली रक्कम नंतर वेगळी काढता येत नाही. पर्यावरणाच्या पुनर्स्थापनेसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जायचं असेल तर कलम १५ खाली कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे, पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. जुन्या गिरण्यांत ही मुदत कधी सुरू झाली यावरच वाद होतो, म्हणून पहिला प्रयोगशाळा अहवाल हाती आला ती तारीख फाइलवर ठळक नोंदवा आणि त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.

दोन फेऱ्यांच्या मधल्या पावसाळ्यात विहिरींना कुलूपबंद झाकण बसवा आणि चाव्या मंडळाच्या विभागीय कार्यालयात सहीने सोपवा. मोकळ्या आवारात झाकण नसलेल्या पाइपात महिन्याभरात दगड भरलेले असतात, आणि नोव्हेंबरच्या फेरीसाठी नवी विहीर खणायला कोणत्याच लेखाशीर्षात पैसा नसतो.